जेक मॅडन: डम्बार्टनच्या गोदीतून प्रागच्या मैदानावर

मधलीफळी

परदेशी प्रशिक्षकांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा टीव्हीवर दिसलेल्या माणसांपासून सुरू होते. हा धागा त्यांच्या शंभर वर्षं आधीच्या एका माणसासाठी काढतोय. जेक मॅडन. स्कॉटलंडचा सेंटर फॉरवर्ड, आणि १९०५ ते १९३० अशी सलग २५ वर्षं प्रागच्या स्लाव्हिया क्लबचा प्रशिक्षक.

आधी खेळाडू म्हणून बघू. जन्म ११ जून १८६५, डम्बार्टन. क्लाइड नदीकाठचं जहाजबांधणीचं गाव. मॅडनचा मूळ व्यवसायही तोच, जहाजाच्या पत्र्यांना रिवेट ठोकणं. सेल्टिक क्लबचा पहिलावहिला सामना २८ मे १८८८ ला रेंजर्सशी झाला आणि सेल्टिकने तो ५-२ जिंकला. त्या अकरांत मॅडन होता. १८९२-९३ आणि १८९३-९४ ला सेल्टिकने लीग जिंकली तेव्हाही तो संघात होता. स्कॉटलंडकडून जेमतेम दोन सामने मिळाले, दोन्ही वेल्सविरुद्ध, पण गोल पाच: १८९३ च्या ८-० विजयात चार, १८९५ च्या २-२ बरोबरीत एक. उतरत्या काळात डंडी, टॉटनहॅम वगैरे.

मग वयाच्या चाळिशीला टेकलेला हा माणूस प्रागला गेला. स्लाव्हिया १८९२ मध्ये स्थापन झाला तो मुळात सायकलस्वारांचा क्लब म्हणून, फुटबॉल १८९६ पासून. म्हणजे मॅडन पोचला तेव्हा तिथलं फुटबॉल नऊ वर्षांचं होतं. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं.

त्याने तिथे नेमकं काय केलं, यावर बोलायचंय. मला तीन गोष्टी मोठ्या वाटतात.

एक, चेंडू जमिनीवर ठेवून जवळच्या माणसाला पास देत पुढे जायचं. ही स्कॉटिश पद्धत आहे, मॅडनने शोधलेली नाही. पण रोज मैदानावर उभं राहून ती अंगवळणी पाडून घेणारा माणूस प्रागला आधी मिळाला नव्हता.

दोन, शरीराची निगा. मालीश, गरम-गार पाण्याचा शेक, सामन्याआधी अंग गरम करून घेणं, लागलं-मुरगळलं तर तिथल्या तिथे उपचार. तेव्हा बदली खेळाडू नव्हते. एकाचा पाय गेला की उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा. त्यामुळे स्नायू आखडू न देणं हा डावपेचाचाच भाग होता.

तीन, शिस्त. प्रागमध्ये त्याला 'द्येडेक' म्हणत, म्हणजे आपल्याकडे 'म्हातारबा' म्हणतील तसं. त्यात धाकही आहे आणि मायाही.

निकाल: १९११ मध्ये फ्रान्समधल्या रुबे इथे हौशी संघांची युरोपीय स्पर्धा झाली. बोहेमियाच्या (प्राग ज्यात येतं त्या चेक प्रदेशाच्या) संघाने अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हौशी संघाला २-१ हरवलं. संघाचा कणा स्लाव्हियाचा आणि प्रशिक्षक मॅडन. पुढे १९२५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची पहिली व्यावसायिक लीग स्लाव्हियाने जिंकली. १९२९-३० च्या हंगामात तर १४ पैकी १४ सामने, २८ पैकी २८ गुण. तोच त्याचा शेवटचा हंगाम. मॅडन परत गेला नाही. १९४८ च्या एप्रिलमध्ये प्रागलाच वारला आणि तिथल्याच ओल्शानी दफनभूमीत त्याची कबर आहे.

नियमवाला

उत्तम धागा. त्या काळचे नियम समोर ठेवल्याशिवाय 'जवळचा पास' ही गोष्ट किती अवघड होती ते कळणार नाही, म्हणून ते मांडतो.

१. ऑफसाइड, म्हणजे पास मिळणारा खेळाडू नियमापेक्षा जास्त पुढे असणं. १८६६ पासून १९२५ पर्यंत पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. आज दोन पुरतात. म्हणजे गोलरक्षक सोडून आणखी दोघं तुमच्या पुढे हवेत. एक बॅक (मागचा बचावपटू) थोडा वर सरकला की अख्खी आघाडीची फळी ऑफसाइड, आणि सरकणं चुकलं तरी मागे दुसरा बॅक सांभाळायला उभाच. बचावाला धोका फारच कमी.

२. १९०७ पर्यंत स्वतःच्या अर्ध्या मैदानातसुद्धा ऑफसाइड धरत. म्हणजे मॅडनची प्रागमधली पहिली दोन वर्षं या नियमात गेली.

३. १९१२ पर्यंत गोलरक्षक स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात घेऊ शकत असे. लांब मारलेला चेंडू तो आरामात पुढे येऊन उचलायचा.

४. चेंडू: चामड्याचा, वादीने तोंड शिवलेला. १९३७ पर्यंत नियमातलं वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. नंतर १४ ते १६ औंस झालं. पण हे कोरड्या चेंडूचं वजन. पावसात चामडं पाणी पितं आणि चेंडू जड होतो. असा चेंडू उंच मारणाऱ्याचं अंतर घटतं आणि डोकं लावणाऱ्याला इजा होते. जमिनीवरून जाणारा १० यार्डांचा पास मात्र ओल्या मैदानावरही चालतो.

हे चारही मुद्दे एकत्र वाचा. लांब मारून मागे धावणं या नियमांत तोट्याचंच होतं. मात्र जवळच्या पासला सराव लागतो, आणि सराव घ्यायला माणूस लागतो.

जुनामैदानी

मधलीफळी, मॅडन पासिंगची पद्धत घेऊन गेला हे खरं, पण तिचं मूळही सांगायला हवं. ३० नोव्हेंबर १८७२, ग्लासगोच्या पार्टिक भागातलं क्रिकेटचं मैदान, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना, ०-०. स्कॉटलंडचे अकराही जण क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे. इंग्लंडचे खेळाडू अंगापिंडाने चांगलेच वजनदार. अंगावर अंग घालून चेंडू पुढे रेटायची तेव्हाची इंग्लिश रीत स्कॉटलंडला परवडणारी नव्हती. त्यांनी दोन बॅक, दोन हाफबॅक (मधल्या फळीतले), सहा पुढे अशी मांडणी केली आणि जोडीजोडीने पास दिले. रोज एकत्र खेळणाऱ्या एकाच क्लबचे होते म्हणूनच ते जमलं. ही पासिंगची कला कुणाच्या प्रतिभेतून आली नाही, ती वजन कमी पडण्यातून आली. माझ्या मते सगळ्या कथेची किल्ली इथे आहे. कारण पुढे ज्या ज्या देशांत ती रुजली, तिथेही आडदांड ब्रिटिश संघांशीच गाठ होती.

इंग्लंडने व्यावसायिक खेळाला १८८५ मध्ये मान्यता दिली, स्कॉटलंडने १८९३ मध्ये. मधल्या आठ वर्षांत स्कॉटिश खेळाडू पैशासाठी ढिगाने इंग्लंडला गेले. तिथे त्यांना 'स्कॉच प्रोफेसर' म्हणत. खेळ शिकवायला परगावी जाऊन राहायची वाट मळली ती अशी. प्राग, बुडापेस्ट, माँटेव्हिडिओ हे तिच्यावरचे पुढचे मुक्काम.

शिवाजीपेठ_११

एक शंका. मॅडनने दुसऱ्याच कुणाचा पोशाख घालून फोटो पाठवला आणि नोकरी मिळवली असं काहीतरी वाचलं होतं. खरं आहे का?

मधलीफळी

@शिवाजीपेठ_११, ती दंतकथा म्हणून सांगितली जाते आणि तशीच ठेवावी. गोष्टीचा गाभा असा की स्लाव्हियाला रेंजर्सचा जॅकी रॉबर्टसन हवा होता आणि त्याच्या जागी मॅडन पोचला. पक्कं ते एवढंच की रॉबर्टसन १९०५ मध्येच चेल्सीचा पहिला मॅनेजर झाला. आणि गंमत म्हणजे तोही शेवटी मध्य युरोपात गेलाच: १९११ पासून दोनेक वर्षं बुडापेस्टच्या एमटीके क्लबला शिकवत होता.

अबोली

बुडापेस्टचं नाव आलं म्हणून. एमटीकेला पासिंग शिकवणारा स्कॉट म्हणजे जिमी होगन ना? विएन्नालाही तोच होता.

जुनामैदानी

अबोलीताई, इथे सगळ्यांचीच गल्लत होते. होगन स्कॉटिश नव्हता. तो इंग्लंडमधल्या लँकशरचा, नेल्सन गावचा. पण फुलहॅमला खेळताना त्याच्याभोवती स्कॉटिश खेळाडू होते आणि चेंडू जमिनीवर ठेवायची गोडी त्याला तिथे लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो ब्रिटिश नागरिक म्हणून अडकला आणि बुडापेस्टला एमटीकेकडे काम करू लागला. म्हणजे क्रम असा: एमटीकेला आधी रॉबर्टसन, मग होगन. होगनचं श्रेय कमी होत नाही, पण ते शेत आधीच नांगरलेलं होतं.

मधलीफळी

बरोबर. आणि प्रागमध्येही मॅडन एकटा नव्हता. नदीपलीकडे... खरं तर नदीपलीकडेही नाही, त्याच लेत्ना पठारावर, स्पार्टा क्लबचं मैदान. तिथे जॉन डिक. हाही स्कॉट, ग्लासगोच्या दक्षिणेकडल्या ईगल्सहॅमचा. वुलिच आर्सेनलकडून बरीच वर्षं हाफबॅक खेळला, काही काळ कर्णधारही होता. १९१९ ते १९२३ आणि परत १९२८ ते १९३३ स्पार्टाचा प्रशिक्षक. 'पोलादी स्पार्टा' म्हणून जो संघ ओळखला जातो तो त्याच्या पहिल्या कारकिर्दीतला.

आता हे बघा. १० जून १९३४, रोम, विश्वचषकाचा अंतिम सामना, इटली २ चेकोस्लोव्हाकिया १, जादा वेळेत. चेकोस्लोव्हाकियाचे अकरा खेळाडू कुठले? गोलरक्षक आणि कर्णधार प्लानिच्का स्लाव्हियाचा. झेनिशेक, चांबाल, क्रचिल, युनेक, स्वोबोदा, सोबोत्का, पुच हे सगळे स्लाव्हियाचे. चतिरोकी, कोश्तालेक आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा नेयेडली हे तिघं स्पार्टाचे. आठ आणि तीन, अकरा. दोन क्लब, दोघांच्याही पायाशी स्कॉटिश प्रशिक्षक. प्लानिच्का स्लाव्हियात आला १९२३ ला, म्हणजे सात वर्षं मॅडनच्या हाताखाली. ७१ व्या मिनिटाला पुचने पहिला गोल केला तेव्हा चेकोस्लोव्हाकिया विश्वचषकापासून वीसेक मिनिटांवर होता.

नियमवाला

या यादीत चांबालचं नाव आहे, तो सेंटर हाफ. त्या जागेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण स्कॉटिश पद्धतीचं यंत्र त्याच्याभोवती फिरत असे.

मांडणी २-३-५. दोन बॅक. त्यांच्या पुढे तीन हाफबॅक: उजवा, मधला, डावा. पुढे पाच: दोन कडेचे विंगर, मधोमध एक सेंटर फॉरवर्ड, आणि त्यांच्या मधल्या जागांत दोन इनसाइड. मैदानावर रेषा ओढून बघा, सगळीकडे त्रिकोण दिसतील. उजवा हाफ, उजवा इनसाइड आणि उजवा विंगर हा एक त्रिकोण. डावीकडे तसाच दुसरा. दोन्ही त्रिकोणांना जोडणारा बिंदू म्हणजे सेंटर हाफ. चेंडू एका कडेला अडला की त्याच्याकडे परत यायचा आणि तो दुसऱ्या कडेचा त्रिकोण सुरू करून द्यायचा. बचावात तो प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर फॉरवर्डला धरायचा. त्यामुळे सर्वांत जास्त धावणारा आणि सर्वांत जास्त डोकं चालवणारा एकच माणूस असायचा.

१९२५ मध्ये ऑफसाइड तीनवरून दोनवर आला (प्रस्ताव स्कॉटिश असोसिएशनचाच). इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत एका हंगामात १,१९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १,७०३. बचाव उघडा पडला. म्हणून आर्सेनलने सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मधोमध तिसरा बचावपटू केला. ब्रिटनमध्ये झपाट्याने सगळे तसं करू लागले.

प्राग, विएन्ना, माँटेव्हिडिओ इथे मात्र सेंटर हाफ पुढेच राहिला. म्हणजे १९३० च्या दशकात जुना स्कॉटिश खेळ बघायचा तर ग्लासगोपेक्षा प्रागला जाणं बरं, अशी स्थिती आली. जी गोष्ट माहेरी मोडीत निघाली ती सासरी जपली गेली.

टिळारी

माँटेव्हिडिओचं नाव घेतलंत तर जॉन हार्लीला विसरू नका. मॅडनपेक्षाही लांब गेलेला माणूस.

जन्म १८८६, ग्लासगोचा कॅथकार्ट भाग. रेल्वेतला तंत्रज्ञ. १९०६ मध्ये अर्जेंटिनाला रेल्वेच्या नोकरीसाठी गेला, तिथे फेरो कारिल ओएस्ते या रेल्वेवाल्यांच्याच क्लबकडून खेळला. १९०९ मध्ये उरुग्वेच्या सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लबने त्याला बोलावून घेतलं. हाच क्लब पुढे पेन्यारोल म्हणून प्रसिद्ध झाला. म्हणजे कारखाना बदलला, फुटबॉल बरोबर गेला.

तो आला तेव्हा उरुग्वेतले संघ ब्रिटिश खलाशी-कारकुनांकडून शिकलेला लांब मारायचा खेळ खेळत. हार्ली अंगाने लहान. सेंटर हाफला उभा राहून त्याने चेंडू खाली आणला: बॅककडून घ्यायचा, वळायचं, सर्वांत जवळच्या मोकळ्या माणसाच्या पायात द्यायचा आणि लगेच पुन्हा घ्यायला जागा काढायची. पुढे पिएन्दिबेनेसारखा हुशार फॉरवर्ड होता, त्याच्याशी त्याची जोडी जमली. उरुग्वेच्या राष्ट्रीय संघाकडूनही तो खेळला, कर्णधार झाला, शिकवलंही. उरुग्वेने १९२४ आणि १९२८ चं ऑलिंपिक सुवर्ण आणि १९३० चा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा हार्ली निवृत्त होता. पण त्या संघांचा सेंटर हाफ जसा खेळत होता, ती जागा घडवली हार्लीने. तोही परत गेला नाही. १९६० ला माँटेव्हिडिओत वारला.

ब्राझीलचा आर्ची मॅक्लीनही याच माळेतला. पेझलीचा, १९१२ मध्ये साओ पावलोला दोऱ्याच्या गिरणीच्या कामासाठी गेला. चपळ म्हणून तिथे त्याला 'हरणाचं पाडस' अशा अर्थाचं नाव पडलं. भिंतीला मारून परत घेतल्यासारखा दोघांतला झटपट पास तिथे रुजवण्यात त्याचं नाव घेतात.

शिवाजीपेठ_११

जहाजाचा रिवेटवाला, रेल्वेवाला, गिरणीवाला. सगळे हातावर पोट असलेले.

जुनामैदानी

@शिवाजीपेठ_११, हे महत्त्वाचं बोललात. खेळ संपल्यावर पेन्शन नव्हतं. हातात कारागिरी असली तर जगाच्या पाठीवर कुठेही नोकरी मिळत असे आणि फुटबॉल जोडधंदा होई. मॅडनचं वेगळेपण हे की त्याला प्रागमध्ये फुटबॉलचीच नोकरी मिळाली.

फातोर्डा_ईस्टस्टँड

आपल्याकडचा धागाही जोडतो. ड्युरँड चषक १८८८ मध्ये शिमल्याला सुरू झाला. पहिला विजेता रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स, अंतिम सामन्यात हरलेला संघ हायलँड लाइट इन्फंट्री. १८८८ ते १८९५ पर्यंतची आठही विजेतेपदं स्कॉटिश पलटणींची आहेत. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ ला आला, तो मात्र पहिल्यांदा वुस्टरशर पलटणीने नेला. तरी या पलटणी स्थानिकांना शिकवायला आल्या नव्हत्या, आपसात खेळत होत्या. त्यामुळे बघून शिकायला मिळालं, पण हाताला धरून शिकवणारा मॅडन आपल्याला मिळाला नाही. रोव्हर्स चषक पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती आला १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सच्या. तब्बल ४६ वर्षांनी.

१९११ चा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा. बोहेमियाने रुबेत इंग्लंडच्या हौशी संघाला २-१ हरवलं, त्याच वर्षी जुलैत कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर पलटणीला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. दोन्हीकडे साम्राज्याखालचे लोक होते आणि दोन्हीकडे त्या विजयाचा अर्थ फुटबॉलपुरता उरला नाही.

आणि आजचा दुवा: ओवेन कॉइल. हाही पेझलीचा, मॅक्लीनच्याच गावचा. (खेळाडू म्हणून आंतरराष्ट्रीय सामना एकच, तोही आयर्लंडकडून, पण जन्म आणि जडणघडण स्कॉटलंडची.) ह्यूस्टनला शिकवून झाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या चेन्नईयनकडे आला तेव्हा संघ तळाजवळ होता. त्याने तो अंतिम सामन्यापर्यंत नेला. उपांत्य फेरीत एफसी गोवाला घरी ४-१ हरवलं, गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमात २-४ हार पत्करली, एकूण ६-५. अंतिम सामना १४ मार्च २०२० ला फातोर्ड्यातच, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियमात, एटीकेकडून १-३.

मग जमशेदपूर. २०२१-२२ चा सगळा हंगाम गोव्यातच झाला. २० सामन्यांत १३ विजय, ४ बरोबरी, ३ हार, ४३ गुण, लीग शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची) जमशेदपूरची. शेवटचा सामना ७ मार्च २०२२ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानशी, ऋत्विक दासचा गोल, १-० . त्या संघाचा सूत्रधार ग्रेग स्ट्युअर्ट, तोही स्कॉट, स्टर्लिंगचा. १० गोल आणि १० गोलसाहाय्य. पुढच्या हंगामात तो मुंबई सिटीत आला आणि तिथेही शील्ड, २० सामन्यांत ४६ गुण.

नियमवाला

फातोर्डा, तुलना छान आहे पण एक फरक ठळकपणे मांडायला हवा. कॉइलचा खेळ मॅडनच्या घराण्यातला नाही. जमशेदपूर चेंडू हरवल्यावर वरच दाब टाकायचं, थेट पुढे जायचं आणि कॉर्नर-फ्रीकिकवर गोल काढायचं. हार्टली-साबियासारखे उंच बचावपटू त्यासाठीच पुढे जात. स्ट्युअर्ट मात्र जुन्या इनसाइड फॉरवर्डसारखा वाटतो: दोन फळ्यांच्या मधल्या जागेत पाठ अर्धी वळवून चेंडू घेणारा.

मधलीफळी

आणि दुसरा फरक काळाचा. कॉइल जमशेदपूरला दोन हंगाम राहिला. तो आणि स्ट्युअर्ट गेले, आणि पुढच्याच हंगामात शील्डविजेता संघ अकरा संघांत दहावा आला. यात कॉइलचा दोष नाही. दोन हंगामांत प्रशिक्षक तयार खेळाडूंची मोट बांधू शकतो. खालच्या वयोगटापासून एकच पद्धत वर आणायला त्याला वेळच मिळत नाही. स्लाव्हियात मॅडनने १९०५ ला शिकवलेले खेळाडू निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेले निवृत्त झाले, आणि तिसरी पिढी १९३० ला १४ पैकी १४ जिंकली. सेल्टिक आणि इतर ब्रिटिश संघ प्रागला दौऱ्यावर येतच होते. दौऱ्यातून खेळ बघायला मिळतो, पण तो अंगात मुरतो रोजच्या सरावात. मॅडनचं खरं योगदान मला विचाराल तर पासिंग नव्हे. तो राहिला, हे आहे.

अबोली

मग सरावाचंच विचारते. १२ वर्षांखालच्या मुलांना हे त्रिकोण शिकवायचे तर कुठून सुरुवात करावी? मैदान आपल्याकडचं, म्हणजे कडक मातीचं.

शिवाजीपेठ_११

अबोलीताई, असं करा.

चेंडू ४ नंबरचा. नियमात हवेचा दाब ०.६ ते १.१ बार आहे. कडक मातीवर ०.६ च्या जवळ ठेवा. जास्त हवा भरली की चेंडू टिप्पा खातो, मुलं पाय उचलून थांबवायला जातात आणि पासिंग शिकण्याऐवजी चेंडूच्या मागे धावणंच शिकतात. मैदानावर सरावाआधी पाणी मारता आलं तर फार फरक पडतो.

पहिला टप्पा: ८ मीटर बाय ८ मीटरचा चौकोन, चार कोन ठेवा. तिघं बाहेरचे, एक मधला. तिघांनी चेंडू फिरवायचा, मधल्याने अडवायचा. दोन स्पर्शांची मुभा. बाहेरच्याने चेंडूजवळच्या दोन्ही बाजूंवर कायम कुणीतरी असेल असं सरकत राहायचं. चौकोनाला चार बाजू आणि माणसं तीन, म्हणून प्रत्येक पासनंतर एकाला जागा बदलावीच लागते. ९० सेकंद, मग मधला बदला. चौघांची एक फेरी ६ मिनिटांत होते. तीन फेऱ्या पुरेत.

काय चुकतं:

पास देऊन मुलं उभी राहतात. त्रिकोण मोडून सरळ रेष होते आणि मधला आरामात वाटेत येतो. इथे ओरडू नका, खेळ थांबवून तिघांना जागेवरच खिळवा आणि त्यांनाच विचारा की आता चेंडू कुणाला देता येईल. रेष त्यांना स्वतःला दिसते.

चेंडू घेताना पूर्ण अंग पास देणाऱ्याकडे असतं. मग दुसऱ्या बाजूला वळायला एक स्पर्श वाया जातो. अंग अर्धवट उघडं ठेवून लांबच्या पायाने चेंडू घ्यायला लावा. यावर दोन-तीन आठवडे जातात, घाई करू नका.

पास हळू असतो. पायाच्या आतल्या बाजूने, घोटा घट्ट ठेवून, उभा पाय चेंडूच्या शेजारी आणि पंजा लक्ष्याकडे. घोटा सैल राहिला की चेंडू उडतो.

दुसरा टप्पा: १५ बाय १० मीटर, चौघं विरुद्ध दोघं, आणि दोन्ही टोकांना एकेक मुलगा. चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवला की गुण. इथे मधे उभ्या असलेल्याला सेंटर हाफचं काम आपोआप समजतं: अडलं की परत घ्या, दुसरी बाजू उघडा.

नियमवाला

शिवाजीपेठ, एक भर. दुसऱ्या टप्प्यात उंच चेंडूचा गुण धरू नका. चेंडू गुडघ्याच्या वर गेला की प्रतिस्पर्ध्याला द्या. आणि आधी दोन स्पर्श, नीट जमलं की मगच एक. सुरुवातीलाच एक स्पर्श लावला तर मुलं न बघता चेंडू ढकलून मोकळी होतात.

अबोली

हे लिहून ठेवलं. ९० सेकंदांऐवजी २ मिनिटं चालतील का? लहान मुलं बदल फार पटकन विसरतात.

शिवाजीपेठ_११

मधल्याला २ मिनिटं झेपत नाहीत. ९० सेकंदांनंतर तो नुसता चालतो, आणि अडवणारा चालू लागला की बाहेरच्यांचे पास आपोआप बरोबर जातात, शिकणं थांबतं. उन्हाळ्यात तर ६० सेकंदच ठेवा. फेऱ्या वाढवा, वेळ नको.